डॉक्टर ते डॉक्टर : निरोप पोहोचला, स्वाक्षरीचे काय?

सोलापूरची ओळख चादर, टॉवेल आणि विडी उद्योगासाठी सांगितली जाते. आजूबाजूच्या तालुक्यांतील माणसाला मात्र सोलापूर आठवते ते दवाखान्यासाठी. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, पंढरपूर येथून, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून आणि राज्याची सीमा ओलांडून विजयपूर व कलबुर्गीकडूनही रुग्ण येथे येतात. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले व सर्वांच्या तोंडी ‘सिव्हिल’ असलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, सहकारी तत्त्वावरील अश्विनी रुग्णालय आणि शहरभर पसरलेली खासगी रुग्णालये यांवर हा ओघ विसंबून आहे.

अशा रुग्णाला एकच डॉक्टर क्वचित असतो. गावातला फॅमिली डॉक्टर, सोलापुरातला हृदयरोगतज्ज्ञ, रक्त तपासणारी प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झाली असेल तर तिथला शल्यविशारद, असे तीन-चार जण मिळून एकाच माणसाचा आजार सांभाळत असतात. बार्शीचे उदाहरण तर जुने आहे. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये, मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने, देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. एका रुग्णाची माहिती दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी वाटून घेण्याची गरज या जिल्ह्याला नवी नाही.

या सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे चिठ्ठी. लेटरहेडवर नाव, पदवी, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, खाली चार ओळी आणि सही. अक्षर कितीही अगम्य असले तरी ज्याला ती जायची तो डॉक्टर ते अक्षर ओळखत असे. चिठ्ठी खरी की खोटी, हा प्रश्न त्यामुळे सहसा उद्भवत नसे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही चिठ्ठी मोबाईलमध्ये गेली. ईसीजीचा फोटो, रक्ततपासणीचा अहवाल, ‘डोस वाढवू का?’ हा प्रश्न आणि ‘हो’ हे उत्तर, सारे काही व्हॉट्सअ‍ॅपवर होऊ लागले. वेळ वाचला आणि कित्येकदा जीवही वाचला, यात शंका नाही. पण चिठ्ठीच्या तळाशी असलेली सही या प्रवासात कुठेतरी गळून पडली आणि तिच्या जागी काय आले, याचा विचार फारसा झालेला नाही.

गुप्तता वेगळी, स्वाक्षरी वेगळी

व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना दोन टोकांमधील सांकेतिकीकरण लागू केले. पाठवणाऱ्याच्या फोनवर संदेशाला कुलूप लागते आणि ते घेणाऱ्याच्या फोनवरच उघडते. मधल्या कोणालाही, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे ‘आमचे संदेश सुरक्षित आहेत’ असे डॉक्टर म्हणतात ते चुकीचे नाही, पण अर्धे आहे. त्या व्यवस्थेने गुप्तता राखली जाते. ‘हा निरोप अमुक डॉक्टरांनीच दिला होता आणि त्यातला एकही आकडा नंतर बदललेला नाही’ हे तिसऱ्या माणसाला दाखवून देण्याची सोय तीत नाही.

ही उणीव चुकून राहिलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅप ज्या ‘सिग्नल’ पद्धतीवर चालते तिची रचनाच तशी आहे. संदेश खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी तीत जी किल्ली वापरली जाते, ती दोन्ही बाजूंकडे सारखीच असते. समोरून आलेला संदेश खरा आहे याची घेणाऱ्याला खात्री पटते. पण तीच किल्ली त्याच्याकडेही असल्याने तसाच संदेश तो स्वतः तयार करू शकला असता, ही शक्यता उरते. म्हणजेच पाठवणाऱ्याला पुढे ‘हे मी लिहिलेच नाही’ म्हणता येते. मित्रांच्या खासगी गप्पांसाठी हा गुण आहे. औषधाच्या मात्रेबाबत तो दोष ठरतो.

त्यात संदेश ‘फॉरवर्ड’ झाला की मूळ कोणाचा हेही कळत नाही. स्क्रीनशॉट तर चित्रच. ते कोणालाही बनवता येते.

किल्ल्यांची जोडी

या अडचणीवरचा उपाय गणितात जवळजवळ पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहे. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी एका किल्लीऐवजी किल्ल्यांची जोडी वापरण्याची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारी पद्धत शोधली; त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ म्हणून ओळखली जाते.

जोडीतली एक किल्ली खासगी असते. ती मालकाने स्वतःजवळच ठेवायची. दुसरी सार्वजनिक, ती जगाला वाटली तरी बिघडत नाही. खासगी किल्लीने केलेले काम सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. सध्या प्रचलित असलेल्या २०४८ बिटांच्या आरएसएमध्ये यासाठी ६१७ आकडी संख्येचे अवयव पाडावे लागतील.

स्वाक्षरी करताना संगणक आधी संपूर्ण मजकुराचा एक आखूड ठसा काढतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीत मजकूर एका ओळीचा असो वा शंभर पानांचा, ठसा ६४ अक्षरांचाच येतो. मजकुरात एक टिंब हलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. या ठशावर खासगी किल्ली चालवली की जे मिळते ती डिजिटल स्वाक्षरी. घेणाऱ्याचा संगणक सार्वजनिक किल्लीने स्वाक्षरी तपासतो, हाती आलेल्या मजकुराचा ठसा स्वतः काढतो आणि दोन्ही जुळतात का ते पाहतो. जुळले तर दोन गोष्टी सिद्ध होतात. सही त्याच किल्लीची आहे आणि मजकूर जसाच्या तसा आहे.

सोलापूरसारख्या तीन भाषांच्या शहरात एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘५’ हा आकडा देवनागरीत लिहिला काय, इंग्रजीत लिहिला काय किंवा कन्नडमध्ये, डॉक्टरला तो पाचच वाटतो. संगणकाला ती तीन वेगळी अक्षरे आहेत आणि त्यांचे ठसेही वेगळे. सही झाल्यावर कोणी सोयीसाठी आकडे बदलून लिहिले तरी पडताळणी फसते, आणि फसलीच पाहिजे. फोटोचेही तसेच. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा वाटेत आकसली जाते आणि तिचा ठसा बदलतो. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती अबाधित पोहोचते. स्वाक्षरी केलेले पीडीएफ याच मार्गाने गेले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कागदावरची सही स्कॅन करून अहवालाच्या तळाशी चिकटवणे म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ते सहीचे चित्र आहे आणि ते उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवायला अर्धे मिनिट लागते.

सातबाऱ्याला आहे, डिस्चार्ज कार्डाला नाही

कायद्याची बाजू भारतात लवकर तयार झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ मध्ये किल्ल्यांची जोडी व हॅश यांवर आधारलेली डिजिटल स्वाक्षरी आली, तर कलम ५ ने तिला कागदावरील सहीच्या बरोबरीचा दर्जा दिला. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेखीसाठी केंद्र सरकारने नियंत्रक नेमला आणि २००२ मध्ये पहिल्या संस्थेला परवाना मिळाला. अधिनियमातील दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि ‘डिजिटल स्वाक्षरी’च्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही व्यापक संज्ञा आली.

तेव्हापासून डिजिटल स्वाक्षरी कंपन्यांच्या विवरणपत्रांत, प्राप्तिकरात आणि निविदांमध्ये रुळली. सर्वसामान्य मराठी माणसाला ती भेटली सातबाऱ्यावर. राज्य सरकारने १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीयुक्त सातबारा उपलब्ध करून दिला आणि १५ रुपयांत तो घरबसल्या मिळू लागला. तलाठी कार्यालयातील हेलपाटे वाचले, उताऱ्यावर कोणी खाडाखोड करील ही भीतीही गेली.

जमिनीच्या उताऱ्याला जी सुरक्षितता मिळाली ती हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पत्राला मिळू नये, हे अजबच म्हणायचे. कायद्याची आडकाठी नव्हती. मृत्युपत्रासारखे काही दस्तऐवज अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. वैद्यकीय कागदपत्रे त्यांत नाहीत. औषधे नियमावलीतील नियम ६५ नुसार औषधाची चिठ्ठी लेखी, डॉक्टरांच्या नेहमीच्या सहीची व तारखेची असावी लागते. ही अटही कलम ५ मुळे इलेक्ट्रॉनिक मार्गाने पुरी करता येते.

सोलापूरला ऑनलाइन वैद्यकीय व्यवहाराचा अनुभवही आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. रुग्णालयाने कागदपत्रे संगणकावर चढवायची आणि दूर बसलेल्या डॉक्टरांनी ती पाहून मंजुरी द्यायची, ही पद्धत येथील रुग्णालयांना तेव्हापासून अंगवळणी पडली आहे. पैशाच्या मंजुरीसाठी जी शिस्त आली, ती औषधाच्या मात्रेसाठी आली नाही.

दोन मिलिग्रॅम की पाच

प्रश्न कुठे बिकट होतो हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अक्कलकोट तालुक्यातील एका महिलेच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. तिला रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आयुष्यभर घ्यायचे आहे. या औषधाची मात्रा ठरते ‘आयएनआर’ या रक्ततपासणीवरून. हृदयातील जागेनुसार हा आकडा साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान ठेवतात. खाली गेला तर झडपेवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका, फार वर गेला तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा. दर वेळी सोलापूरला येणे तिला परवडत नाही. म्हणून गावातले डॉक्टर रक्त तपासून घेतात, आकडा सोलापूरच्या तज्ज्ञांना कळवतात आणि तज्ज्ञ मात्रा सांगतात.

आता समजा, तज्ज्ञांनी ‘२ मिग्रॅ’ लिहिले आणि गावात ‘५ मिग्रॅ’ दिले गेले. टंकताना चूक झाली, दुसऱ्या रुग्णाचा निरोप हिच्या नावावर गेला, की मधल्या कोणी चुकीचे वाचले? मोबाईलवरील गप्पांच्या ओघातून हे शोधणे कठीण, आणि फोन बदलला असेल तर अशक्य. दोन्ही डॉक्टर प्रामाणिक असूनही एकमेकांकडे बोट दाखवण्याची वेळ येते.

स्वाक्षरी केलेल्या निरोपाने हा घोळ बऱ्याच अंशी टळतो, पण एका अटीवर. स्वाक्षरी फक्त तिच्याखालच्या मजकुराची हमी देते. ‘५ मिग्रॅ करा’ एवढ्याच ओळीवर सही केली तर ती ओळ कोणत्या रुग्णासाठी व कोणत्या तारखेची, हे सही सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वीचा तोच निरोप आज पुन्हा पुढे ढकलला तरी पडताळणीत तो खराच ठरेल. म्हणून रुग्णाचे नाव, वय व ओळख क्रमांक, तपासणीचा आकडा व तिची तारीख, औषधाचे पूर्ण नाव, मात्रा, ती कधीपर्यंत द्यायची आणि निरोप ज्या डॉक्टरांना उद्देशून आहे त्यांचे नाव, हे सारे सहीच्या आतच असायला हवे. जुन्या पिढीतले शिस्तीचे डॉक्टर चिठ्ठीत नेमके हेच लिहीत असत. मोबाईलने ती शिस्त मोडली. तंत्रज्ञान ती आपोआप परत आणणार नाही.

स्वाक्षरीने मजकूर झाकला जात नाही, हेही येथेच सांगायला हवे. सही केलेले पत्र कोणीही वाचू शकतो. ते गुप्त ठेवायचे तर आधी सही करून मग घेणाऱ्या डॉक्टराच्या सार्वजनिक किल्लीने त्याला कुलूप लावावे लागते. ई-मेलमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र करण्याची ‘एस-माईम’ ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘डायरेक्ट’ प्रकल्पाने डॉक्टरांमधील पत्रव्यवहारासाठी तीच पद्धत उचलली.

टोकन कोणाच्या खणात?

गणित भक्कम आहे. कच्चा दुवा आहे तो माणूस.

सोलापूरच काय, कोणत्याही शहरातील डॉक्टरला डिजिटल स्वाक्षरी आहे का असे विचारले, तर अनेकदा ‘आहे, सीएकडे आहे’ असे उत्तर येण्याचा संभव अधिक. प्राप्तिकरासाठी किंवा कंपनीच्या कामासाठी काढलेले यूएसबी टोकन सनदी लेखापालाच्या कार्यालयातल्या खणात, पासवर्डची चिठ्ठी चिकटवून, पडून असते. विवरणपत्रापुरते हे चालून जाते असे लोकांना वाटते. कायद्याला ते मान्य नाही. अधिनियमाच्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली सांभाळणे ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवावे लागते आणि तसे कळवेपर्यंत तिच्या वापराचे दायित्व मूळ मालकावरच राहते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वैद्यकीय क्षेत्रात उसन्या सहीचा प्रश्न कल्पनेतला नाही. तज्ज्ञ डॉक्टर हजर नसताना त्यांच्या आयत्या सह्यांनी पॅथॉलॉजीचे अहवाल दिले जात असल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे झाल्या आणि त्या वैद्यक परिषदेपर्यंत पोहोचल्या. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असली पाहिजे, हे स्पष्ट केले. सहीचे चित्र संगणकात ठेवून देण्याची सवय डिजिटल टोकनाच्या बाबतीतही राहिली, तर स्वाक्षरीचे तंत्र कितीही बळकट असले तरी ती ‘खरी’ खोटी सही ठरेल. पडताळणीत ती उत्तीर्ण होईल, एवढाच फरक. आणि तो फरक जास्त घातक आहे.

मोठ्या रुग्णालयात आणखी एक गुंता असतो. तज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात असतात, निरोप निवासी डॉक्टर लिहितात. अशा वेळी निवासी डॉक्टरने स्वतःच्या किल्लीने सही करावी आणि तज्ज्ञांनी नंतर आपली सही जोडावी, हा सरळ मार्ग. एकाच पीडीएफवर एकामागून एक अनेक सह्या करता येतात. तज्ज्ञांचे टोकन वॉर्डातल्या संगणकाला कायमचे लावून ठेवणे हा सोपा मार्ग, आणि तो टाळायचा आहे.

टोकनाला पर्याय म्हणून २०१५ पासून आधारवर चालणारी ‘ई-साइन’ सेवा आली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची अशी सेवा ‘ई-हस्ताक्षर’ या नावाने ओळखली जाते. यात डॉक्टरने आधारशी जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी द्यायचा. सेवा देणारी संस्था त्या एका सहीपुरती किल्ल्यांची जोडी तयार करते, सही होते आणि खासगी किल्ली नष्ट केली जाते. प्रमाणपत्राची मुदत अवघी ३० मिनिटे. संस्थेकडे मजकुराचा फक्त ठसा जातो, त्यामुळे रुग्णाची माहिती डॉक्टरच्या संगणकाबाहेर पडत नाही. हरवायला टोकनच नाही, ही जमेची बाजू. प्रत्येक सहीला ओटीपीची वाट पाहायची, ही गर्दीच्या ओपीडीतली अडचण.

सही करणारा डॉक्टर कशावरून?

सर्वसाधारण डिजिटल प्रमाणपत्र एवढेच सांगते की सही अमुक नावाच्या व्यक्तीची आहे. ती व्यक्ती डॉक्टर आहे का, तिची नोंदणी चालू आहे का, हे त्यात नसते. जर्मनीने ही अडचण मुळातच सोडवली. तिथे डॉक्टरांना वैद्यक मंडळांमार्फत इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र मिळते आणि स्वाक्षरीची किल्ली त्याच कार्डात असते. १ जानेवारी २०२४ पासून तेथे बहुतांश औषधांसाठी इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी बंधनकारक झाली आणि ती या कार्डाने सही करूनच पाठवावी लागते.

भारतात हा दुवा आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून जोडला जाऊ लागला आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या या मिशनमध्ये रुग्णाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आणि डॉक्टरांसाठी पडताळलेली स्वतंत्र नोंदवही आहे. एका रुग्णालयातून दुसरीकडे माहिती जाण्यापूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते. ती संमती डिजिटल स्वाक्षरीने मुद्रांकित होते आणि माहिती दर वेळी नव्या किल्ल्यांनी सांकेतिक होऊन जाते. म्हणजे दोन संस्थांमधील देवाणघेवाणीला स्वाक्षरीचा आधार आहे. दोन डॉक्टरांमध्ये रात्री अकरा वाजता होणारा ‘डोस काय देऊ?’ हा संवाद मात्र बहुतेक वेळा या चौकटीबाहेरच राहतो. आणि धोक्याचे निर्णय होतात ते त्याच वेळी.

जबाबदारी कोणाची, याबाबत नियम स्पष्ट झाले ते उशिरा. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात डॉक्टर हजर नसताना दूरध्वनीवरील सूचनांनुसार दाखल केलेल्या प्रसूत महिलेचा मृत्यू झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन फेटाळला. त्यानंतर दूरस्थ सल्ल्याबाबत राज्यभरातील डॉक्टरांमध्ये धास्ती पसरली. २५ मार्च २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसीनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी उपचार करणारा डॉक्टर सल्ला मागणाराच राहतो आणि रुग्णाला दिलेल्या उपचारांची जबाबदारीही त्याचीच, असे त्यात नमूद आहे. अक्कलकोटच्या उदाहरणात जबाबदारी गावातल्या डॉक्टरांची. आपल्याला नेमका कोणता सल्ला मिळाला होता हे दाखवता येणे त्यांच्यासाठीच सर्वाधिक मोलाचे ठरते.

वाद न्यायालयात गेला तर मोबाईलमधील संदेश सहजासहजी पुरावा होत नाही. जालन्यातील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचा निर्वाळा दिला. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर संबंधित नोंदीचा हॅशही लिहावा लागतो. स्वाक्षरी केलेल्या पत्रात तो ठसा पहिल्या दिवसापासूनच बांधलेला असतो.

कागदावर उतरल्यानंतर

सोलापूरच्या ओपीडीत रुग्ण येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. डिजिटल सहीचे पत्रही बहुधा छापूनच त्या पिशवीत जाईल. छापल्याक्षणी स्वाक्षरी संपते. कागदावर उरते ते तिचे चित्र. म्हणून छापील प्रतीवर क्यूआर कोड देऊन मूळ फाईलपर्यंत जाण्याची वाट ठेवावी लागते. संगणकावर उघडलेल्या पीडीएफमध्ये कधी कधी सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. त्याचा अर्थ सही खोटी असा होत नाही. त्या संगणकाने भारताच्या मूळ प्रमाणपत्रावर अजून विश्वास नोंदवलेला नाही, एवढाच होतो. मजकूर बदललेला असेल तर सूचना वेगळी आणि स्पष्ट येते.

मुदतीचा मुद्दाही राहतो. टोकनावरील प्रमाणपत्र एक ते तीन वर्षांत संपते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात आणि झडपेच्या रुग्णाचे उपचार तर जन्मभर चालतात. प्रमाणपत्र चालू असतानाच सही झाली होती हे पुढे दाखवण्यासाठी सहीसोबत विश्वासार्ह कालमुद्रा जोडावी लागते. ती नसेल तर डॉक्टर निवृत्त झाल्यावर किंवा टोकन रद्द झाल्यावर जुन्या पत्रावरील सही तपासणे अवघड जाते. सहीसाठी सॉफ्टवेअर घेताना ही सोय आहे का, हे रुग्णालयांनी आधी विचारून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदींसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. रुग्णांचे फोटो आणि अहवाल कोणाच्या फोनमध्ये किती काळ राहतात, याचा हिशेब तोपर्यंत लहान दवाखान्यांनाही लावावा लागणार आहे.